न दुखणारं पोट

विश्रांतवाडीतल्या रणपिशांच्या घरात त्या दिवसांत बिटाचं राज्य होतं. सकाळी गूळ घालून बिटाचा रस, दुपारी बिटाची कोशिंबीर, संध्याकाळी बिटाची टिक्की, आणि रात्री कणकेतच मळलेलं बीट. ती गुलाबी पोळी पाहून आलेला पाहुणा आधी ताटाकडे बघायचा आणि मग घरातल्या माणसांच्या तोंडाकडे.

हे सगळं चाललं होतं चार वर्षांच्या सुमेधसाठी. बालवाडीतल्या तपासणीत त्याचं हिमोग्लोबिन आठ निघालं होतं, आणि त्याच्या आजीनं, म्हणजे मुक्ताईंनी, तो आकडा स्वतःचा अपमान म्हणून घेतला होता.

"माझ्या घरातल्या पोराला रक्त कमी? बगते कसं भरत न्हाई ते."

मुक्ताईंनी आयुष्यात स्वतःची तीन मुलं वाढवली होती, एक दीर वाढवला होता, आणि शेजारची दोन उपद्व्यापी पोरं जाता जाता वाढवली होती. मुलं वाढवण्याच्या बाबतीत त्यांच्या नावावर बरीच जमा होती आणि ती काढून दाखवायला त्या कधी लाजत नसत.

घरचे डॉक्टर होते बजरंग लोणकर. त्यांच्या दवाखान्यात बाक कमी आणि आत्मविश्वास भरपूर. त्यांनी लोहाचं औषध लिहून दिलं आणि सांगितलं, "शी काळी होईल, घाबरू नका." बिटानं शी लाल होते हे मुक्ताईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यामुळे घरात फार सोयीची व्यवस्था लागली. काळी झाली की लोहाच्या नावावर टाकायची, लाल झाली की बिटाच्या. दोन खाती उघडलेली, कुठलाही रंग येवो, त्याची जागा तयार. घरातलं कुणीच घाबरत नव्हतं.

घाबरत नव्हतं म्हणजे, उत्कर्षा सोडून. सुमेधची आई उत्कर्षा जवळच्याच शाळेत सातवीला भूगोल शिकवायची. एखाद्या मुलानं नकाशात गोदावरी अरबी समुद्राला नेऊन मिळवली तर ती ओरडायची नाही. शांतपणे म्हणायची, "कुठून नेलीस ते बोट ठेवून दाखव." मुलांना ओरडा परवडला असता. बोट ठेवायची वेळ आली की त्यांना घाम फुटायचा.

तिच्या डोळ्यांना वेगळंच दिसत होतं. पूर्वी जिना धावत चढणारा सुमेध आता मधल्या पायरीवर बसून "मी बस आहे, बसचा स्टॉप आला" असं म्हणायचा. ओठ पिठासारखे दिसायचे. पुन्हा तपासलेलं हिमोग्लोबिन वाढायच्या ऐवजी खाली आलं होतं. एवढं बीट, एवढं लोह, आणि आकडा खाली. येतंय ते कुठेतरी जातंय, एवढं समजायला सातवी पास होणंही लागत नाही.

"सुमेध, पोट दुखतं का रे?"

"नाही."

"थोडंसं?"

"नाही म्हटलं ना! किती वेळा विचारतेस?"

आणि खरंच दुखत नव्हतं. तो खायचा, खेळायचा, कार्टून बघताना सोफ्यावरून उड्या मारायचा. दुखत नाही म्हणजे काही नाही, हे घरातल्या मोठ्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं की त्यावर बोलणंच होत नव्हतं.

एका रविवारी सकाळी उत्कर्षा स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, आजपासून बीट बंद. लोहाचं औषधही."

मुक्ताईंच्या हातातली किसणी थांबली. "डाक्टरनं सांगितलं?"

"नाही."

"मग तू कदी डाक्टर झाली?"

"झाले नाही म्हणून तर बंद करते. डॉक्टर असते तर अजून एखादं वाढवलं असतं."

"रक्त कमी असताना रक्ताचं खाणं बंद करायचं? आनंदा, ऐकतोस का, तुझी बायको काय म्हणती!"

आनंद एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होता. घरातही तो कुठलीच फाईल स्वतःच्या टेबलावर थांबू देत नसे. वर्तमानपत्रातून मान वर न काढता तो म्हणाला, "आई म्हणते तेही बरोबर आहे. उत्कर्षा म्हणते त्यातही तथ्य आहे."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" दोघींनी एकदमच विचारलं. त्या घरात दोघींचं एकमत होण्याचा तो बऱ्याच दिवसांतला पहिला प्रसंग.

बीट बंद झालं. मुक्ताईंनी अबोला धरला, पण बीट दिलं नाही, हेही त्यांच्या नावावर जमा धरायला हवं. लपूनछपून वाटीभर रस देणं त्यांना सहज शक्य होतं. पण समोरासमोर भांडायचं आणि पाठीमागे काही करायचं नाही, ही त्यांची रीत होती.

आठवडा गेला. मग एका सकाळी उत्कर्षानं संडासातूनच हाक मारली. "आई, जरा या. आनंद, तूही ये."

"मी कशाला?" आनंद म्हणाला.

"ये."

शी लाल होती. बिटाचा असतो तसला गुलाबी रंग नव्हे. ओल्या विटेसारखी, चिकट, आणि मध्ये मध्ये जांभळट.

"आई, आठवडा झाला, घरात बीट नाही. यातलं बीट मला बोट ठेवून दाखवा."

मुक्ताई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "काल टमाटं खाल्लं व्हतं त्यानं."

तिसरं खातं उघडलं गेलं होतं. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. सुमेध कंबरेखाली उघडा उभा राहून तिघांकडे आळीपाळीनं बघत होता. त्याची शी बघायला इतकी माणसं जमल्याचा त्याला थोडा अभिमानच वाटत असावा.

उत्कर्षा स्वयंपाकघरात गेली आणि झाकणाचा एक स्टीलचा डबा घेऊन आली.

"अगं, तो लाडवाचा डबा हाय!"

"होता," उत्कर्षा म्हणाली.

डॉ. लोणकरांनी डब्याचं झाकण अर्धं उघडलं, लगेच लावलं आणि उठून खिडकी उघडली.

"मॅडम, यासाठी लॅबमध्ये प्लास्टिकची डबी मिळते."

"मिळते ना. पण तुम्ही लॅबचं नावच कधी काढलं नाहीत."

"बद्धकोष्ठता असेल. कडक झालं की चीर पडते, तिथून रक्त येतं. लहान मुलांत कॉमन आहे."

"चीर पडली की दुखतं ना?"

"दुखतं. पण काही मुलं सोशिक असतात."

"सुमेध? डॉक्टर, तुम्ही त्याच्या कानात नुसती बॅटरी मारली होती तेव्हा बाहेरचे दोन पेशंट उठून घरी गेले होते."

मग लोणकरांनी डबा शेजारच्या लॅबमध्ये पाठवला. उत्तर दुपारपर्यंत आलं: रक्त, माणसाचं, आणि भरपूर. लोणकरांचा एक गुण मान्य करायला हवा. चूक दिसल्यावर तिच्यावर पांघरूण घालत ते बसत नसत. त्यांनी स्वतः फोन लावून नदीपलीकडच्या मोठ्या रुग्णालयातल्या मुलांच्या पोटाच्या तज्ज्ञांची, डॉ. कल्याणी परचुरे यांची, वेळ घेतली. पण ती वेळ येण्याआधीच, त्याच संध्याकाळी, सुमेधला पुन्हा मोठी लाल शी झाली आणि तो बाथरूमच्या दारातच खाली बसला. या वेळी त्यानं बसचा स्टॉप आल्याचं काही सांगितलं नाही. रिक्षात तो आईच्या मांडीवर घामानं गार पडला होता, आणि चौकातल्या वाहनांच्या गर्दीत रिक्षा गोगलगाईसारखी सरकत होती. मुक्ताई डोकं बाहेर काढून पुढच्या प्रत्येक गाडीवाल्याला त्याच्या आईबापांपासून सुरुवात करून काय वाटेल ते बोलत होत्या. उत्कर्षानं त्यांना अडवलं नाही.

रुग्णालयात पोचल्यावर हिमोग्लोबिन सहा निघालं. तातडीनं रक्त चढवायला घेतलं.

डॉ. कल्याणी परचुरे बोलायच्या मोजकं, आणि त्यातला निम्मा टोमणा असायचा.

"किती दिवसांपासून?"

"तीनेक महिने असावेत," उत्कर्षा म्हणाली.

"आणि आज आलात."

"आजपर्यंत ते बीट होतं."

"बीट?"

मुक्ताई पुढे झाल्या. "मी दिलं. रक्त वाढायला. काय म्हणायचं ते मला म्हणा, तिला न्हाई."

कल्याणीताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आजी, बिटानं कुणाचं वाईट केलेलं नाही. फक्त रक्त जात होतं ते त्यानं झाकलं. लोहाच्या औषधानंही झाकलं. दोघांनी मिळून अगदी छान झाकलं."

मग तपासण्या सुरू झाल्या. पोटाची सोनोग्राफी केली, काही नाही. गुंगी देऊन तोंडातून दुर्बीण घातली. अन्ननलिका, जठर, सगळं स्वच्छ. दुसऱ्या दिवशी पोट साफ करून खालून दुर्बीण घातली. मोठं आतडंही निर्दोष. फक्त त्यात वरून उतरलेलं जुनं रक्त. कल्याणीताईंनी बाहेर येऊन स्वतःच्या पोटावर बोट ठेवत सांगितलं, "वरची दुर्बीण इथपर्यंत जाते, खालची इथपर्यंत. मधलं लहान आतडं, म्हणजे सगळ्यात लांब तुकडा, दोन्हींच्या हाताला लागत नाही. रक्त तिथूनच कुठून तरी येतंय."

मग एक वेगळा स्कॅन झाला. शिरेतून थोडं औषध सोडलं आणि सुमेधला तासभर एका मोठ्या कॅमेऱ्याखाली निपचित झोपवून ठेवलं. त्याला निपचित ठेवायचं काम उत्कर्षाचं. तिनं त्याला नर्मदेपासून कावेरीपर्यंत सगळ्या नद्यांच्या गोष्टी रचून सांगितल्या. गोष्टी संपल्या तेव्हा कॅमेऱ्याचंही संपलं होतं. आत दोष असलाच तर पडद्यावर ठिपका दिसायला हवा होता. तो दिसला नाही.

चौथ्या दिवशी सुमेध गुलाबी दिसायला लागला. बाहेरून आलेल्या रक्तानं त्याच्यात जीव भरला होता. सलाईनचा स्टँड ढकलत तो वॉर्डात फेऱ्या मारत होता आणि प्रत्येक खाटेपाशी थांबून "तिकीट, तिकीट" म्हणत होता.

"बघा," मुक्ताई म्हणाल्या, "बरा झाला पोरगा."

डॉ. कल्याणी राउंडला आल्या, मागे तीन शिकाऊ डॉक्टर. "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. रक्त जाणं थांबलंय. घरी न्या. पुन्हा झालं तर लगेच या."

आनंदनं पिशवी भरायला घेतली. उत्कर्षा खाटेवरून हलली नाही.

"मॅडम, नॉर्मल काय आहे?"

"रिपोर्ट."

"आणि रक्त कुठून गेलं?"

डॉ. कल्याणींनी हातातले कागद पुन्हा एकदा चाळले.

"माझ्या वर्गात उत्तर येत नसलं की मुलं पानभर लिहितात. मी त्यांना सांगते, येत नाही असं लिहा, मी रागावणार नाही. तुम्ही मला नॉर्मल म्हणू नका. माहीत नाही म्हणा."

एका शिकाऊ डॉक्टरनं खोकल्याचं निमित्त करून तोंडावर हात धरला. आनंद पिशवीची चेन लावतच राहिला, ती लागली होती तरी.

"माहीत नाही," डॉ. कल्याणी म्हणाल्या.

"मग घरी कसं पाठवता?"

"उत्कर्षाताई, इथे खाटा..."

"पुन्हा झालं तर या म्हणालात. आमच्या घरापासून इथे यायला काय लागतं ते मी त्या दिवशी रिक्षात बसून बघितलंय. आणि पुन्हा होईल तेव्हा तो बालवाडीत असला तर? बाईंना वाटेल, डब्यात बीट होतं. मी नेणार नाही त्याला."

वॉर्डात असं कुणी म्हटलं की सहसा पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. एखादी सिस्टर येते, समजावते, मग आवाज वाढतात. इथे डॉ. कल्याणी खाटेच्या कडेला बसल्या. त्या राउंडला कधी बसत नाहीत, हे शिकाऊ डॉक्टरांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

"माझा संशय कशावर आहे ते सांगते. गर्भात असताना बाळाच्या आतड्यापासून नाळेकडे एक बारीक नळी जाते. जन्माच्या बऱ्याच आधी ती मिटून जाते. काही मुलांत तिचं एक टोक आतड्यावर छोट्या पिशवीसारखं राहून जातं. कधी कधी त्या पिशवीत जठराचं अस्तर असतं. ते तिथे आम्ल तयार करतं आणि शेजारच्या आतड्याला जखम होते. रक्त जातं, पण दुखत नाही. स्कॅननं बहुतेक वेळा सापडतं, पण काही वेळा हुकतं. अंगात रक्त कमी असताना जास्त हुकतं."

मुक्ताईंनी एवढं सगळं ऐकलं आणि त्यातला एकच शब्द उचलला.

"नाळ? म्हणजे हिच्याकडनं आलं."

तीन महिने बिटाच्या नावावर असलेला दोष एका वाक्यात सुनेच्या नावावर चढला. उत्कर्षानं सासूकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुणाकडूनही आलेलं नाही, आजी," डॉ. कल्याणी म्हणाल्या. "शंभरातल्या एखाददुसऱ्याला असतं. बहुतेकांना मरेपर्यंत कळतही नाही."

"मग बघायचं कसं?" उत्कर्षानं विचारलं.

"बेंबीतून दुर्बीण घालून. ऑपरेशन. ते सर्जन ठरवतील. मी बोलते."

मुलांचे सर्जन डॉ. केदार म्हसवडे यांचा हात फार चांगला आहे असं सगळे म्हणत, आणि ते त्यांच्याही कानावर गेलेलं होतं. दुपारी ते आले, कागद चाळले, सुमेधच्या पोटावर दोन बोटं ठेवली. सुमेधनं त्यांच्याकडे तिकीट मागितलं.

"सोनोग्राफी नॉर्मल, दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, स्कॅन निगेटिव्ह. मूल खेळतंय, खातंय. ज्याचं पोट दुखत नाही त्याचं पोट उघडायचं?"

"अगदी माझ्या मनातलं बोललात," मुक्ताई म्हणाल्या.

"दुखलं असतं तर आम्ही तीन महिने थांबलो असतो का?" उत्कर्षा म्हणाली. "न दुखणं हीच या दुखण्याची खोड आहे. कल्याणी मॅडमनी मला समजावून सांगितलं. तुम्हाला नाही का सांगितलं?"

डॉ. म्हसवड्यांची भुवई वर गेली. "तीन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करू. तेव्हा दिसलं तर लगेच ऑपरेशन."

"आणि तीन आठवडे?"

"घरी. लक्ष ठेवून."

"मी तीन महिने लक्षच ठेवत होते, डॉक्टर. आम्ही इथेच थांबतो."

"ताई, हॉस्पिटल म्हणजे धर्मशाळा नव्हे."

"ठाऊक आहे. धर्मशाळेत लोक निदान हसून बोलतात."

ते गेल्यावर आनंद म्हणाला, "अशानं ते आपल्यावर चिडतील."

"चिडू दे. चिडून का होईना, त्यांना सुमेधचं नाव लक्षात राहील."

"दुसरीकडे दाखवू या का?"

"तिथले लोकही हेच कागद बघतील. आनंद, तुला जायचं असेल तर जा. मी याला घेऊन या खाटेवर बसलेय."

आनंद गेला नाही. पिशवी मात्र त्यानं पायाशी तशीच भरलेली ठेवली. डॉ. कल्याणींनी वर कुणाशी काय बोलून ते निभावलं ते कळलं नाही, पण खाट रिकामी करा असं सांगायला संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही.

त्या दोन दिवसांत सुमेधला रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातलंच खाणं. दूध, भात, भाताची पेज. मुक्ताईंना ते बघवत नव्हतं. "ह्या पांढऱ्या खाण्यानं पोरगं पांढरंच ऱ्हाणार," असं त्या येईल त्या सिस्टरला ऐकवत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्कर्षा खाली औषधं आणायला गेली होती. सुमेधला संडासला घेऊन गेल्या मुक्ताई. बराच वेळ दोघं बाहेर आली नाहीत. मग दार उघडलं, आणि ज्या बाईचा आवाज विश्रांतवाडीत दोन गल्ल्या पलीकडे जायचा ती नुसती दाराला धरून उभी राहिली. सिस्टर धावली.

आतला सगळा रंग लाल होता.

उत्कर्षा वर आली तेव्हा सुमेधला खाटेवर घेतलेलं होतं आणि रक्ताची दुसरी बाटली लावत होते. मुक्ताई खाली फरशीवरच बसल्या होत्या.

"काल भात. आज भात. दूध न् पेज," त्या म्हणाल्या. "समदं पांढरं. मी माझ्या हातानं भरवलं. आता कुणाचं नाव घेऊ गं?"

उत्कर्षानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात डॉ. म्हसवडे आले.

पण त्यांच्यापुढे उत्कर्षाच्या आधी उभ्या राहिल्या मुक्ताई. फरशीवरून कधी उठल्या ते कुणालाच दिसलं नाही.

"डाक्टर, काल तुम्ही म्हणाला ज्याचं दुखत न्हाई त्याचं कशाला उघडायचं, आन् मी हो म्हणले. मी चुकले. तुमचं तुम्ही बगा."

डॉ. म्हसवडे सुमेधकडे बघत होते. त्यांनी नाडीवर बोटं ठेवली आणि बराच वेळ काढली नाहीत. "घरी असता तर..." एवढं म्हणून ते थांबले.

"घरी नाही आहोत," उत्कर्षा म्हणाली.

"उद्या सकाळी पहिलंच घेतो. आत काही निघालं नाही, तर?"

"तर तुम्ही सगळ्या वॉर्डासमोर म्हणा की मी सांगितलं होतं. मी ऐकून घेईन. पण आत जाऊन बघा."

संमतीच्या कागदावर वडिलांची सही घ्यायची तिथली सवय होती. सिस्टरनं पेन आनंदपुढे धरलं. आनंदनं ते घेतलं आणि तो कागदावरची सगळी कलमं पहिल्यापासून वाचायला लागला. रक्तस्राव होऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, मोठी चीर द्यावी लागू शकते. दुसऱ्या कलमावर त्याचं पेन थांबलं.

"काही नाही निघालं आणि त्याला काही झालं, तर आई मला आयुष्यभर बोलेल," तो अगदी हळू आवाजात म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच एक कागद त्याच्या टेबलावर थांबला होता.

"बोलीन," मुक्ताई मागून म्हणाल्या. "तुला बी बोलीन, हिला बी बोलीन. पर बोलायला पोरगं घरात पायजे. कर सही."

"द्या इकडे," उत्कर्षा म्हणाली. "नऊ महिने पोटात ठेवायला कुणाची सही लागली नव्हती."

तिनं सही केली. मग आनंदनं तिच्या हातातून कागद घेतला आणि तिच्या सहीखाली आपलीही केली. जागा एकाच सहीची होती. सिस्टरनं तक्रार केली नाही.

सकाळी सुमेधला आत नेलं. जाताना त्यानं आईला बजावलं, "माझी बस कुणाला देऊ नकोस." बस म्हणजे सलाईनचा स्टँड.

बाहेरच्या बाकावर तिघं बसली. आनंदनं चहा आणला आणि तो कुणी प्यायलं नाही. मुक्ताई डोळे मिटून मनातल्या मनात त्रिशरण म्हणत होत्या, आणि मधूनच डोळे उघडून ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे अशा बघत होत्या की दारानंच काहीतरी केलंय. उत्कर्षा बसलीही नाही. दाराशेजारच्या भिंतीला टेकून उभी होती. आत काही निघालं नाही तर काय, हा विचार तिच्या मनात आला नव्हता असं नाही. आला होता, पुन्हा पुन्हा येत होता. मुलाच्या पोटाला भोकं पाडली ती हिनं, हिच्या हट्टानं, हे वाक्य पुढे कोण कोण कुठल्या समारंभात कसं म्हणेल हेसुद्धा तिला ऐकू येत होतं. म्हणोत. मुलाला पुन्हा रिक्षातून आणायचं नाही, एवढंच तिला हवं होतं.

दार उघडलं. डॉ. म्हसवडे डोक्यावरची टोपी न काढताच बाहेर आले. त्यांच्या हातात स्टीलचा एक छोटा ट्रे होता. काढलेला भाग नातेवाइकांना आणून दाखवायची पद्धत असते. कुणी बघतं, कुणी तोंड फिरवतं. आनंदनं तोंड फिरवलं. दोघी बायका वाकल्या.

ट्रेमध्ये आतड्याचा छोटा तुकडा होता आणि त्याच्या एका बाजूला करंगळीच्या पेराएवढी पिशवी.

"ही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी चिमट्याचं टोक पिशवीच्या बुडाशी नेलं. तिथे एक खोल, काळपट खड्डा होता. "आणि ही जखम. रक्त इथून येत होतं. तेवढा तुकडा काढून आतडं पुन्हा जोडलंय."

"एवढंसं?" मुक्ताई म्हणाल्या. "एवढ्याशानं?"

"एवढ्याशानंच, आजी."

उत्कर्षा ट्रेकडे बघत होती. "बाकीचं आतडं बघितलंत? अजून कुठे एखादी नाही ना?"

"बघितलं."

"सगळं?"

डॉ. म्हसवड्यांनी टोपी काढली. त्यांच्या कपाळावर तिचा वळ उमटला होता. परवापासून त्यांना कुणीतरी सारखं तोंडी परीक्षेला बसवत होतं, आणि आज पहिल्यांदाच त्यांना त्याचा राग आल्यासारखं दिसलं नाही.

"सगळं. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, बोटांनी चाचपून. दुसरी नाही. मी कल्याणीलाही आत बोलावून दाखवलं."

"स्कॅनमध्ये का नाही दिसलं?"

"ते माहीत नाही," डॉ. म्हसवडे म्हणाले.

तिनं मान हलवली. मग ती पहिल्यांदा बाकावर बसली, आणि आनंदनं गार झालेला चहा तिच्या हातात दिला. तिनं तो तसाच पिऊन टाकला.

तासाभरानं शुद्धीवर येणाऱ्या मुलांच्या खोलीपाशी बोलावलं. दारात एक तरुण गार्ड स्टूल टाकून बसला होता. त्यानं हात आडवा केला.

"एकच जण, ताई. एकच नातेवाईक सोडायचा नियम आहे."

आनंद आपसूक एक पाऊल मागे गेला. मुक्ताई पुढे आल्या. त्यांनी आधी सुनेचा दंड धरला, मग गार्डकडे पाहिलं.

"एकच हाय की. नातेवाईक तो मागं हुबा हाय, बाप. ही आई हाय. तिला तुझा नियम लागत न्हाई."

"आणि तुम्ही?"

"मी आजी हाय. मला तर कुणाचाच लागत न्हाई. हो बाजूला."

गार्ड नियम सांगायला स्टुलावरून उठला. तो सांगून होईपर्यंत त्याचा आडवा हात खाली करून दोघी आत गेलेल्या होत्या.